अन्नपूर्णेच्या दोन हकिकती

देव्हाऱ्यातला शाळिग्राम जिच्या पात्रात सापडतो ती काळीगंडकी नेपाळमध्ये दोन अजस्र पर्वतांच्या मधून वाहते. एका अंगाला ८,१६७ मीटर उंचीचा धवलगिरी, दुसऱ्या अंगाला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा. मुक्तिनाथाला जाणारे यात्रेकरू शतकानुशतकं या दरीतून चालत आले आहेत. १९५०च्या एप्रिलमध्ये याच दरीतल्या तुकुचे गावात नऊ फ्रेंच माणसं तंबू ठोकून बसली होती आणि त्यांची मोठी पंचाईत झाली होती. धवलगिरी समोर उभा होता, पण त्यावर चढायला वाट दिसत नव्हती. अन्नपूर्णेवर वाट असेल की नाही हे ठरवायचं तर आधी ती सापडायला हवी होती, आणि ती सापडतच नव्हती.

त्यांच्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे होते. विसाच्या दशकात भारतीय सर्वेक्षकांनी नेपाळभर फिरून तयार केलेले. पायथ्याची गावं, नद्या, वाटा त्यात बऱ्यापैकी बरोबर होत्या. वरच्या बर्फाळ भागात मात्र आखलेल्या रेषा आणि प्रत्यक्ष डोंगर यांचा मेळ बसेना. नकाशा जिथे खिंड दाखवी तिथे कडा निघे. अन्नपूर्णेचं शिखर निलगिरीच्या रांगेमागे असं दडलेलं आहे की तुकुच्यातून ते दिसतच नाही. म्हणजे जगातल्या दहाव्या क्रमांकाच्या शिखराच्या पायथ्याशी येऊन ही मंडळी त्याचा पत्ता विचारत हिंडत होती.

जूनच्या सुरुवातीला त्यांच्यापैकी दोघे त्या शिखरावर उभे राहिले. आठ हजार मीटरांवरच्या कोणत्याही शिखरावर माणसाचं पाऊल त्यापूर्वी पडलेलं नव्हतं. ही गोष्ट जगाला माहीत झाली ती मोहिमेचा नेता मॉरिस हर्झोग याच्या 'अन्नपूर्णा' या पुस्तकातून. त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्याचं सांगितलं जातं. हर्झोगबरोबर शिखरावर गेलेल्या लुई लाशेनालनेही एक डायरी लिहिली होती. ती अखंड छापून यायला १९९६ साल उजाडावं लागलं.

हे असं का झालं ते समजायचं तर सुरुवात पॅरिसपासून करायला हवी.

आठ हजार मीटरांपेक्षा उंच शिखरं जगात चौदा. त्यांच्यामागे युरोपियन लोक १८९५पासून लागले होते. त्या साली ममरी नावाचा इंग्रज नंगा पर्बतवर गेला तो परतलाच नाही. इंग्रजांनी १९२१ ते १९३८ या काळात तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर सात मोहिमा काढल्या. जर्मनांनी नंगा पर्बतचा हट्ट धरला आणि १९३७ साली एका रात्रीत, एका हिमप्रपाताखाली, सोळा माणसं गमावली. अमेरिकन के-टूवर गेले. फ्रेंचांनी १९३६मध्ये काराकोरममध्ये एक प्रयत्न केला, तोही फसला. मग युद्ध आलं.

युद्धानंतर तिबेटचं दार बंद झालं आणि नेपाळचं किलकिलं झालं. राणांच्या राजवटीने शंभर वर्षं परक्यांना आत येऊ दिलं नव्हतं. आता फ्रेंचांना धवलगिरी किंवा अन्नपूर्णा, दोहोंपैकी एकावर चढण्याची परवानगी मिळाली. फ्रान्सला तिचं मोल वेगळं होतं. १९४०मध्ये सहा आठवड्यांत शरणागती, पुढे चार वर्षं जर्मनांचा अंमल. हा अपमान ताजा होता. तरुणांपुढे ठेवायला एखादा निखळ विजय हवा होता, ज्यात कुणी मेलं नाही आणि कुणी फितूर झालं नाही असा. फ्रेंच गिर्यारोहणाचा त्या काळातला सर्वेसर्वा ल्युसियाँ देव्ही याने मोहिमेची आखणी केली ती राष्ट्रकार्य म्हणूनच.

संघात दोन जातीची माणसं होती. लाशेनाल, लियोनेल टेरे आणि गास्तों रेब्युफा हे शामोनीचे व्यावसायिक मार्गदर्शक, म्हणजे डोंगर चढवण्यावर पोट असणारे. लाशेनाल आणि टेरे या जोडीने १९४७मध्ये आयगरची उत्तर भिंत चढली होती. ती भिंत सर होण्याची ती दुसरीच वेळ. आल्प्समध्ये या दोघांइतकं वेगाने चढणारं त्या वेळी कुणी नव्हतं. उरलेले हौशी: जाँ कूझी आणि मार्सेल शाट्झ हे तरुण, डॉक्टर जाक उदो, चित्रपट घेणारा मार्सेल इशाक, आणि दळणवळण सांभाळायला फ्रान्सिस द नॉएल हा राजनैतिक अधिकारी. नेता म्हणून हर्झोगची निवड झाली. एकतीस वर्षांचा, शिकलेला, एका कंपनीत अधिकारी, युद्धात लढलेला, बोलायला गोड. तो चांगला गिर्यारोहक होताच, पण मार्गदर्शकांच्या तोडीचा नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

निघण्याच्या दोन दिवस आधी, २८ मार्चला, देव्हीने सगळ्यांना बोलावून एक शपथ घ्यायला लावली: नेत्याची आज्ञा कोणत्याही प्रसंगी पाळीन. सगळ्यांनी घेतली. रेब्युफाने मात्र ही गोष्ट मनाला लावून घेतली; माणसाचं माणूसपणच पुसून टाकण्याचा हा प्रकार त्याला सहन झाला नाही आणि ते त्याने खाजगीत लिहूनही ठेवलं. शपथेबरोबर एक करारही होता. परतल्यावर पाच वर्षं मोहिमेबद्दल कुणीही काही छापायचं नाही. लिहिण्याचा अधिकार एकट्या हर्झोगचा.

अशा अटी तेव्हाच्या मोहिमांना नव्या नव्हत्या. पैसे उभे करायचे तर हकिकतीचा हक्क एका हातात हवा, नाहीतर वर्तमानपत्रं ज्याला त्याला फोडतात. त्यामुळे त्या सहीत कुणाला काही वावगं वाटलं नसावं. शिखरही कुणी पाहिलेलं नव्हतं, मग त्याच्या गोष्टीवरून भांडणार कोण?

३० मार्चला विमान निघालं. दिल्ली, लखनौ, मग रेल्वेने नेपाळच्या सीमेवरचं नौतनवा, आणि तिथून पायी. बरोबर शे-दीडशे हमाल आणि शेर्पांची तुकडी. शेर्पांचा सरदार आंग थार्के. तिसाच्या दशकातल्या एव्हरेस्टच्या मोहिमा त्याच्या पायाखालून गेलेल्या. हिमालयाचा अनुभव मोजायचा तर अख्ख्या फ्रेंच संघापेक्षा त्या एकट्याचा जास्त.

एप्रिलअखेरचे दिवस शोधण्यात गेले. धवलगिरीच्या पूर्वेची हिमनदी पाहिली, उत्तरेची पाहिली. टेरेने परत येऊन सांगून टाकलं की या डोंगरावर कधीच कुणी चढणार नाही. (दहा वर्षांनी स्विस मोहीम चढली, पण तेव्हा ईशान्य खिंडीपाशी त्यांनी सामान विमानाने उतरवलं होतं.) कूझी, उदो आणि शाट्झ निलगिरीच्या दांडावरून पलीकडे उतरून मिरिस्ती नदीच्या खोऱ्यात डोकावून आले. हर्झोग काही जणांना घेऊन थेट मनांगपर्यंत वळसा घालून गेला आणि उपाशीपोटी, हात हलवत परतला. मे महिना अर्धा होत आला तरी चढाईला सुरुवातच नव्हती.

१४ मे रोजी तुकुच्यातल्या तंबूत बैठक बसली. मान्सून ५ जूनच्या सुमारास पोचणार असा अंदाज होता. म्हणजे आपल्याकडे मृग लागायच्या आत शिखर गाठून खाली यायचं; एकदा पाऊस धरला की वरचे उतार हिमप्रपातांच्या स्वाधीन. हातात तीन आठवडे. हर्झोगने अन्नपूर्णेवर डाव लावला आणि ही निवड, पुढे त्याच्यावर जी टीका झाली ती सगळी लक्षात घेऊनही, धाडसाची आणि अचूक होती असंच म्हणायला हवं.

पहिले काही दिवस वायव्येच्या एका धारेवर वाया गेले. मग लाशेनाल आणि रेब्युफाने उत्तरेच्या हिमनदीतून वाट हेरली, सार्की हा शेर्पा निरोप घेऊन धावत तुकुच्याला गेला, आणि मागचं सामान ओढून आणलं गेलं. त्यानंतरचे दिवस विलक्षण वेगाचे आहेत. २३ मेच्या सुमारास पहिला तळ लागला. दुसरा, तिसरा, चौथा एकामागून एक. चौथा तळ कोयत्याच्या आकाराच्या एका बर्फाळ कड्याखाली, सात हजार मीटरांच्या वर. बरोबर प्राणवायूची नळकांडी नव्हती. वर गेलेला माणूस एक-दोन दिवस ओझी वाहायचा, खाली यायचा, पुन्हा जायचा. टेरे एकदा स्वतःची शिखराची पाळी सोडून, आदेश नसताना, ओझं घेऊन वर गेला. शिखरावर नाव कुणाचं लागणार हे त्या एका ओझ्याने बदललं असं त्याच्या बाजूचे लोक मानतात, आणि त्यात तथ्य आहे.

२ जूनला पाचवा तळ लागला, सुमारे ७,४०० मीटरांवर. तळ कसला, उतारावर खणलेल्या ओट्यावर एक तंबू. आंग थार्के आणि सार्की हर्झोग-लाशेनालबरोबर तिथवर आले होते. हर्झोगने दोघांना उद्या आमच्याबरोबर शिखरावर या म्हणून विचारलं. आंग थार्केने सांगितलं की त्याचे पाय गारठायला लागलेत, तो खाली जाईल. दोघे शेर्पा उतरून गेले. हर्झोगला या नकाराचं आश्चर्य वाटलं. मला मात्र त्यात अनुभवी माणसाचा हिशेब दिसतो. पाय वाचवणं आणि शिखर गाठणं यांतलं एक निवडायचं झालं, तर काय निवडायचं हे ज्याने आधीच ठरवून ठेवलंय असा तिथे तो एकच होता.

त्या रात्री वाऱ्याने आणि बर्फाने तंबू अर्धा दाबला गेला. दोघांना झोप नाही. सकाळी चहा करायचंही त्राण उरलं नव्हतं. ३ जूनला सहाच्या सुमारास ते काहीही न पिता निघाले, आणि सामान हलकं करायला दोरही मागे ठेवला. उत्तेजक गोळ्या बरोबर होत्या. उंचीवर त्या घेण्याची तेव्हा पद्धत होती. उतार अवघड नव्हता, पण दोघांच्या पायांत चामड्याचे बूट होते आणि ते ओले झाले होते. थोड्या थोड्या वेळाने थांबून बूट काढायचे, पाय चोळायचे, पुन्हा चालायचं. लाशेनालच्या पायांना काही जाणवेनासं झालं.

इथेच तो प्रसंग घडला ज्याच्या दोन हकिकती आहेत.

घटना दोघेही सारखीच सांगतात. लाशेनालने विचारलं, मी परत फिरलो तर तू काय करशील? हर्झोगने सांगितलं, मी एकटा पुढे जाईन. त्यावर लाशेनाल म्हणाला, मग मी येतो तुझ्यामागे. हर्झोगच्या पुस्तकात हा क्षण उजळून निघालेला आहे. डळमळलेला सोबती नेत्याचा निश्चय पाहून सावरतो, दोघे बांधवांसारखे पुढे निघतात, आणि त्यानंतर हर्झोगला एक अपूर्व आनंद भरून येतो. सगळं पारदर्शक, हलकं, स्वतःच्या बाहेरून स्वतःला पाहिल्यासारखं. वैद्यकाच्या भाषेत आज आपण त्याला विरळ हवेचा मेंदूवरचा परिणाम म्हणू. तो मात्र त्याकडे साक्षात्कार म्हणूनच पाहत राहिला.

लाशेनालची बाजू अगदी वेगळी. त्याच्या मते ती इतर चढाया असतात तशीच एक चढाई होती, आल्प्समधल्यांपेक्षा उंच, एवढंच. पाय जाणार असतील तर अन्नपूर्णा गेली खड्ड्यात, असं त्याचं साधं गणित. फ्रान्सच्या तरुण पिढीसाठी स्वतःचे पाय देण्याचं ऋण आपल्यावर आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. तरीही तो पुढे गेला, कारण हर्झोग ज्या अवस्थेत होता त्या अवस्थेत तो एकटा गेला तर परत येणार नाही याची त्याला खात्री होती. आपल्याबरोबरच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा मार्गदर्शकाच्या धंद्यातला पहिला नियम. तो राष्ट्राभिमानातून पुढे गेला नाही आणि नेत्याच्या तेजाने दिपूनही नाही. धंद्याची रीत पाळण्यासाठी गेला, आणि तिची किंमत दोन्ही पायांच्या बोटांनी दिली.

दुपारी दोनच्या सुमारास ते शिखरावर पोचले. हर्झोगने बर्फकुऱ्हाडीला तिरंगी फ्रेंच निशाण बांधलं, लाशेनालने त्याचे फोटो काढले. लाशेनालला तिथे आनंद वाटला नाही. एक दुखरं रितेपण जाणवलं, असं तो लिहितो. त्याला खाली जायची घाई होती. हर्झोग रेंगाळला.

मग लाशेनाल पुढे धावत सुटला आणि हर्झोग मागून. वाटेत कशासाठी तरी हर्झोगने पाठीवरची पिशवी उघडली, हातमोजे काढून बाजूला ठेवले, आणि ते उतारावरून गडगडत गेले. तो नुसता पाहत राहिला. पिशवीत मोज्यांची जादा जोडी होती, ती हातांत चढवावी हे त्याला सुचलंच नाही. उघड्या हातांनी तो पाचव्या तळापर्यंत आला.

तिथे तोवर टेरे आणि रेब्युफा येऊन दुसरा तंबू लावून बसले होते, त्यांना दुसऱ्या दिवशी शिखराची आशा होती. टेरेने अभिनंदनासाठी हर्झोगचा हात धरला तो लाकडासारखा टणक. लाशेनाल कुठाय? खालून हाक ऐकू आली. तो शंभरेक मीटर घसरून पडला होता, कुऱ्हाड नाही, टोपी नाही, हातमोजे नाहीत, एका बुटाचे काटे गेलेले. टेरे त्याच्याकडे उतरला तर तो म्हणू लागला, मला आत्ताच्या आत्ता खाली डॉक्टरकडे ने, पाय गेले तर मी संपलो. संध्याकाळ, वादळ येतंय, आणि हा सरळ उतरायला निघालेला. टेरेने कसंबसं त्याला वर आणलं. त्या रात्रभर एका तंबूत टेरेने लाशेनालच्या पायांना आणि दुसऱ्यात रेब्युफाने हर्झोगच्या हातापायांना दोराच्या टोकाने झोडपलं, रक्त फिरावं म्हणून. आजचं वैद्यक ते करू नका असंच सांगेल. तेव्हा तोच उपाय माहीत होता. टेरे आणि रेब्युफाने आपल्या शिखराचा विचार त्या रात्री सोडून दिला आणि नंतर त्याबद्दल कुरकुर केली नाही.

सकाळी लाशेनालचे सुजलेले पाय बुटात शिरेनात. टेरेने स्वतःचे मोठे बूट त्याला दिले, त्याचे बूट चाकूने फाडून आपल्या पायांत कोंबले. चौघे निघाले ते धुक्यात. चौथा तळ जवळच होता, पण दिवसभर शोधूनही सापडला नाही. ओरडले, कुणी उत्तर दिलं नाही. अंधार पडताना लाशेनालच्या पायाखालचं बर्फ फुटलं आणि तो भेगेत नाहीसा झाला. खालून त्याचा आवाज आला: इथे बरं आहे, या. भेगेच्या तळाशी छोटी गुहा होती. चौघे उतरले. झोपायची पिशवी एकच, टेरेची. तिच्यात चौघांनी पाय घातले आणि रात्र काढली.

पहाटे वरून बर्फाचा लोट आत कोसळला आणि बूट, कॅमेरा, सगळं गाडलं गेलं. आदल्या दिवशी धुक्यात वाट दिसावी म्हणून टेरे आणि रेब्युफाने चष्मे काढले होते, त्यामुळे आता दोघांचे डोळे गेलेले. बर्फात हातांनी चाचपून बूट शोधायचे, तर ज्यांना दिसतंय त्यांचे हात गेलेले आणि ज्यांचे हात धड त्यांना दिसत नाही. लाशेनाल नुसत्या मोज्यांवर वर चढला. हर्झोगने टेरेला सांगितलं की मला इथेच राहू दे. टेरेने त्याला ओढून बाहेर काढलं. बाहेर ऊन होतं आणि चौथा तळ तिथून थोड्याच अंतरावर. शाट्झ त्यांना शोधत आला तेव्हा हर्झोगला मिठी मारून त्याने काही बोलायचा प्रयत्न केला. खाली उतरतानाही सुटका नव्हती: उन्हाने सैल झालेला बर्फ सरकला, त्यात हर्झोग आणि दोन शेर्पा वाहून गेले, आणि दोर एका कंगोऱ्यावर अडकला म्हणून वाचले.

मोहिमेत कुणीही मेलं नाही, हे इतकं सगळं वाचल्यावर खरं वाटत नाही.

दुसऱ्या तळावर उदो वाट पाहत होता. रक्तवाहिन्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून त्याने मांडीतल्या आणि दंडातल्या धमन्यांत इंजेक्शनं दिली. एकेका इंजेक्शनला तासन्‌तास लागत आणि वेदना अशा की हर्झोग ओरडत सुटे, टेरे त्याला धरून बसे. मग मान्सून आला. दोघा जखमींना शेर्पांनी आणि हमालांनी पाठीवर घेतलं, चिखलातून, जळवांमधून, फुगलेल्या नद्यांच्या काठाने, आठवडेच्या आठवडे. जखमांत किडे पडले. बोटं काळी पडत गेली आणि उदो ती मुक्कामा-मुक्कामाला कापत गेला. जुलैच्या आरंभी नौतनव्याहून गोरखपूरकडे जाणाऱ्या गाडीत, उकाड्यात, स्टेशनांवर गाडी थांबली की त्याची कात्री चाले. डब्याच्या फरशीवर पडलेली बोटं केरसुणीने बाहेर लोटली गेली. हर्झोगची पायांची सगळी आणि हातांची बहुतेक बोटं गेली. लाशेनालची पायांची सगळी.

१७ जुलैला पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर गर्दी लोटली होती. ऑगस्टमध्ये 'पारी-माच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर निशाण उंचावलेला हर्झोग आला आणि अंक हातोहात खपला. फोटो लाशेनालने काढला होता, म्हणून त्यात लाशेनाल नव्हता. ही काही कुणाची लबाडी नव्हती. पण पुढे जे घडलं त्याची दिशा त्या मुखपृष्ठापासूनच ठरली.

हर्झोगने पुस्तक रुग्णालयात पडल्या पडल्या सांगितलं आणि दुसऱ्याने उतरवून घेतलं. त्याच्या हाताला लेखणी धरता येत नव्हती. १९५१च्या अखेरीस ते निघालं, पुढच्याच वर्षी इंग्रजीत आलं. जगभर एक अख्खी पिढी ते वाचून डोंगरांकडे वळली. त्याचं मानधन हर्झोगने घेतलं नाही. ते फ्रेंच हिमालय समितीच्या निधीत गेलं आणि त्यातून पुढच्या फ्रेंच मोहिमांना बळ मिळालं. १९५५मध्ये मकालूच्या शिखरावर टेरे आणि कूझी पहिल्यांदा पोचले, मागोमाग संघातले बाकीचे फ्रेंच गडीही. तेव्हा या पुस्तकाला नुसतं आत्मस्तुती म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल. ते थरारक आहे, जखमांच्या वर्णनात ते वाचकाची गय करत नाही, आणि सोबत्यांचं कौतुकही त्यात आहे. उणीव आहे ती सुरात. संघात कुरबुर नाही, कुणाला राग नाही, शपथेबद्दल कुणाला प्रश्न नाही. लाशेनाल त्यात शूर पण उतावळा, भावनेच्या भरात वाहणारा असा दिसतो. ज्या माणसाच्या थंड हिशेबाने कदाचित हर्झोगचा जीव वाचला, त्याचं हे चित्र.

हर्झोग पुढे १९५८पासून द गॉल यांच्या राजवटीत क्रीडा आणि युवक खात्याचा प्रमुख झाला, नंतर शामोनीचा महापौर. लाशेनालच्या वाट्याला शस्त्रक्रिया आल्या, एकामागून एक. बोटं नसलेल्या पायांनी पुन्हा कड्यांवर तोल सांभाळायला तो शिकत राहिला, पण पूर्वीची चपळाई परत आली नाही. गाडी मात्र तो भन्नाट वेगाने हाकायचा. पाच वर्षांचा करार संपत आला तेव्हा त्याने आठवणी लिहायला घेतल्या. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी शामोनीच्या वरच्या व्हाले ब्लांशवर स्की करताना तो बर्फाने झाकलेल्या भेगेत पडून मेला. वय चौतीस.

मोहिमेतली डायरी आणि हे हस्तलिखित यांतून पुस्तक पूर्ण करायचं काम गेलं जेरार हर्झोगकडे, म्हणजे मॉरिसच्या सख्ख्या भावाकडे. देव्हीनेही समासात शेरे मारले. १९५६मध्ये पुस्तक निघालं ते तासून गुळगुळीत केलेलं. मोहिमेवरचे चिडके, तिरकस शेरे गेले. पायांचं ऋण आपल्यावर नव्हतं हा भाग गेला. हर्झोग एकटा परतणार नाही म्हणून मी गेलो, हा भागही गेला. शेवटचा भाग का गाळावा? त्यात हर्झोगची निंदा नव्हती. पण त्यातून शिखरावरचा नेता हा शुद्धीच्या काठावरचा माणूस ठरत होता, ज्याला कुणीतरी सांभाळून न्यायला हवं. राष्ट्राच्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

चाळीस वर्षं हे कागद कुटुंबाकडे राहिले. १९९६मध्ये शामोनीचा प्रकाशक मिशेल गेराँ याने ते जसेच्या तसे छापले. त्याच वर्षी रेब्युफाचं चरित्र आलं आणि त्यात त्याने मोहिमेतून बायकोला लिहिलेल्या पत्रांतला कडवटपणा बाहेर पडला. रेब्युफा स्वतः १९८५मध्ये, आयुष्यभर तोंड मिटून, गेला होता. फ्रान्समध्ये खळबळ उडाली. २०००मध्ये डेव्हिड रॉबर्ट्स या अमेरिकन लेखकाने सगळे धागे एकत्र करून पुस्तक लिहिलं. हर्झोगने १९९८मध्ये आपली बाजू मांडणारं आणखी एक पुस्तक काढलं होतं. २०१२मध्ये त्याच्या मुलीनेच, फेलिसिते हर्झोगने, कादंबरी लिहून वडिलांच्या वीरपणावर प्रश्न उभे केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला, ९३ वर्षांचा होऊन.

आंग थार्केच्या आठवणीही १९५४मध्ये फ्रेंचमध्ये आल्या होत्या, त्याने सांगितलेल्या आणि दुसऱ्याने लिहिलेल्या. त्या इंग्रजीत यायला २०१६ उजाडलं. बाकीच्या शेर्पांची आणि ज्यांच्या पाठीवर हे दोघे खाली आले त्या हमालांची हकीकत कुणी लिहून घेतली नाही.

अन्नपूर्णेवर दुसऱ्यांदा कुणी पोचायला वीस वर्षं गेली: १९७०च्या मे महिन्यात ब्रिटिश लष्कराची तुकडी, तीही फ्रेंचांच्याच बाजूने. चौदा शिखरांत सर्वांत जीवघेणं म्हणून आजही याच शिखराचं नाव घेतात. २०२१च्या एप्रिलमध्ये साताऱ्याची प्रियांका मोहिते आणि पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे गिर्यारोहक तिथे पोचले, तेव्हा वाटेवर दोर लावलेले होते आणि बातमी त्याच दिवशी महाराष्ट्रात आली.

वाद रंगला तेव्हा काहींनी पुढची पायरी गाठली: ते दोघे शिखरावर गेले तरी होते का? फोटोत हर्झोगच्या मागे उतार वर जाताना दिसतो, सर्वोच्च बिंदू दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्याचं उत्तर हर्झोगच्या हजार मुलाखतींत सापडत नाही. लाशेनालला खोटी कीर्ती नको होती. पुस्तकातल्या आपल्या चित्रावर तो नाराज होता, बोटं गमावून बसला होता, आणि डायरी तो स्वतःपुरती लिहीत होता. त्या डायरीत ३ जूनच्या नोंदीत, कसलाही गाजावाजा न करता, शिखरावर पोचल्याचं लिहिलेलं आहे. हर्झोगच्या भावाने ज्या वहीवर कात्री चालवली, तिच्याइतका भक्कम साक्षीदार हर्झोगकडे दुसरा नव्हता.